कर्म नसलेले क्रियापद

'करणे' हे मराठीतील सकर्मक क्रियापद आहे, म्हणजे स्वयंपाक, नोकरी, प्रवास असे काहीतरी कर्म जोडल्याशिवाय त्याचा अर्थ पुरा होत नाही; परंतु एका ठिकाणी हे कर्म गळून पडते आणि मागे उरते ते षष्ठी, म्हणजे संबंध दाखवणाऱ्या विभक्तीतले माणूस. 'तिनं सासूचं शेवटपर्यंत केलं', 'म्हाताऱ्याचं कोण करतं?' अशी वाक्ये घरोघरी ऐकू येतात आणि काय केले हे कुणालाही विचारावे लागत नाही, कारण अंघोळ घालण्यापासून नखे काढण्यापर्यंत आणि गोळ्यांच्या वेळा सांभाळण्यापासून रात्री पहिल्या हाकेला उठण्यापर्यंतचे सारे काही त्या क्रियापदात गृहीत धरलेले असते. मात्र कामाबरोबर ते करणारे माणूसही गृहीत धरले गेले; पगारावर येणाऱ्या परिचारिकेला, आयाला, ब्यूरोतून पाठवलेल्या मावशींना नाव आहे, घरातल्या माणसाला ते नाही.

मराठी घरातल्या मुलीच्या आयुष्यात हे क्रियापद फार लवकर शिरते. आई कामावर गेली की धाकट्या भावाचे करणारी दहा वर्षांची मुलगी गुणाची ठरते, आणि कौतुकाच्या त्या शब्दांतच पुढच्या पन्नास वर्षांची सोय लावलेली असते. आयुष्यात बहुधा एकदाच, बाळंतपणाच्या वेळी, या क्रियापदाची दिशा उलटते, कारण तेव्हा इतर लोक तिचे करतात: अंगाला तेल, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, कानाला बांधलेला रुमाल आणि सव्वा महिना सक्तीची विश्रांती. दुसऱ्या जिवाचे रात्रंदिवस करणाऱ्या शरीराला आधी कुणीतरी सांभाळावे लागते, हे शहाणपण परंपरेला पक्के ठाऊक होते आणि तिने त्याची मुदत व आहारसुद्धा ठरवून दिला होता. ते शहाणपण सव्वा महिन्यापुढे का गेले नाही, हा प्रश्न मात्र गंभीरपणे विचारला गेलेला नाही.

पुढे सासूच्या अंगावरून वारे जाते, म्हणजे पक्षाघाताने एक बाजू लुळी पडते, आणि घरात पलंगाची जागा बदलते. एकाच कुशीवर पडून राहिलेल्या शरीरात हाडांच्या उंचवट्यांवर दाब येऊन त्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी फाटून शय्याव्रण होतात, म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी असे सांगितले जाते. एवढे सांगणे सोपे असते. प्रत्यक्षात ती आधी सासूचा पलीकडचा गुडघा वाकवते, एक हात खांद्यामागे आणि दुसरा कमरेमागे घालते, अंगाखालच्या आडव्या चादरीसकट तो निश्चल भार स्वतःकडे ओढते, पाठीशी उशी लावते आणि अंथरूण कोरडे आहे ना हे तळवा फिरवून पाहते. रात्री एकला, तीनला, पाचला हे असेच चालते, आणि काही महिन्यांनी गजर वाजण्याआधीच तिचे डोळे उघडू लागतात. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेला झोप म्हणण्यापेक्षा कानोसा म्हणणे अधिक खरे ठरेल.

या जागरणाची नोंद तिच्या शरीरात होतच असते. १९९५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाचे करणाऱ्या १३ स्त्रिया आणि अशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करून ती भरून येण्याची वाट पाहिली गेली, तेव्हा पहिल्या गटातील स्त्रियांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास लहान होता, परंतु 'मनाचा थकवा' म्हणून बाजूला सारली जाणारी गोष्ट थेट कातडीवर मोजता येते, हे त्याने दाखवून दिले.

सरकारी मोजमाप मात्र अजून या रात्रीपर्यंत पोहोचलेले नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ या वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया आणि २१.४ टक्के पुरुष घरातल्या मुलांची वा मोठ्यांची काळजी घेतात व त्यावर दिवसाला अनुक्रमे १४० आणि ७४ मिनिटे खर्च करतात. परंतु दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडून त्यांत किमान दहा मिनिटे चाललेल्या कामांचीच नोंद घेणाऱ्या या पद्धतीत, तीन वाजता सात मिनिटांत बदललेली कूस झोपेच्या खात्यावर जमा होण्याची शक्यताच मोठी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोबदल्याविना काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांना व्याख्येत स्थान दिले, हे पाऊल मोलाचे होते. त्याहून जवळचे नाव पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांत, म्हणजे समदुःखी कुटुंबांनी परस्परांसाठी चालवलेल्या गटांत रुळले आहे: आजारी माणूस 'शुभार्थी' आणि त्याचे करणारा 'शुभंकर'. 'शुभ' या एकाच शब्दातून निघालेले आणि जोडीने उच्चारले जाणारे हे शब्द दोघांनाही एका सतरंजीवर बसवतात, आणि बैठकीत शुभार्थीइतकीच शुभंकराचीही विचारपूस होते.

सासूच्या तेराव्याला आलेल्या बायका 'खूप केलंस हो' म्हणतात; त्या रात्रीही ती तीनला जागी होते. मध्ये काही वर्षे जातात, मग नवऱ्याचा स्मृतिभ्रंश सुरू होतो, दाराच्या कडीला कुलूप लागते आणि किल्ली तिच्या पदराच्या गाठीत जाते. नवरा बायकोचे करतो तेव्हा आळीभर त्याचे नवल होते आणि ते व्हायलाही हवे, परंतु तिने नवऱ्याचे करावे यात सांगण्यासारखे कुणाला काही दिसत नाही. एव्हाना वर्षानुवर्षे चादर ओढून तिचा उजवा खांदा निकामी होत आलेला असतो. डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात आणि नंतर सहा आठवडे हात गळ्यात बांधून ठेवावा लागेल असे सांगतात; दुखेल किती, खर्च किती, यातले काहीच न विचारता ती एवढेच विचारते, "मग ह्यांचं कोण करणार?"