पोस्टकार्डावर मागवलेले शोधनिबंध

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ऐंशीच्या दशकात एम. एस्सी. केलेल्यांना विषय ठरवण्याचे ते दिवस नक्की आठवत असतील. गाईड एवढंच सांगायचे, ‘आधी लायब्ररीत बसा, कुणी काय काम केलंय ते बघा, मग या.’ डाळिंबावर काम करायचं तर ‘हॉर्टिकल्चरल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स’चे जाडजूड खंड काढायचे. मागच्या विषयसूचीत पीक गाठायचं, त्यापुढचे क्रमांक उतरवायचे, एकेक सारांश वाचायचा आणि कामाचा वाटला तर लेखक, वर्ष, नियतकालिक, खंड, पानं असं सगळं कार्डावर हातानं लिहून घ्यायचं. पानाचा आकडा चुकला की थिसिस टाईप करताना तोच खंड पुन्हा धुंडाळणं आलं.

मूळ लेख मिळवणं हे त्याहून मोठं काम. ‘करंट कंटेंट्स’ हे फिलाडेल्फियाचं छोट्या आकाराचं साप्ताहिक. त्यात जगभरच्या नियतकालिकांच्या अनुक्रमणिका असत आणि मागे लेखकांचे पत्ते. त्या पत्त्यावर ‘आपल्या लेखाची प्रत पाठवावी’ असं छापील कार्ड टाकायचं. मग कधीतरी परदेशी तिकिटाचं पाकीट हाती पडायचं. अनोळखी शास्त्रज्ञ पदरच्या टपालखर्चानं राहुरीच्या पोराला रिप्रिंट पाठवत, याचं मला आजही अप्रूप वाटतं. नाहीच आलं, तर दिल्लीच्या ‘इन्सडॉक’ या दस्तऐवजीकरण केंद्राकडून झेरॉक्स मागवायची किंवा एसटीनं पुण्याची ग्रंथालयं गाठायची.

आज राहुरीची विद्यार्थिनी होस्टेलवर बसून ‘सेरा’ या कृषी संस्थांच्या ऑनलाइन नियतकालिक-सेवेतून तेच लेख उतरवून घेते. देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’ या ऑनलाइन संग्रहात आहेत. अनुदानित महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ ही ऑनलाइन वाचनाची सोय आहे आणि जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी योजनेनं सरकारी संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली केली आहेत. आमच्या वेळचं बरं होतं असं मी म्हणणार नाही. जामखेड-पाथर्डीच्या मुलाला दिल्लीच्या मुलाइतकंच वाचायला मिळणं, ही फार मोठी गोष्ट आहे.

काळजी वाटते ती निवडीची. नुसतं ‘पोमग्रॅनेट’ टाकलं की हजारो लेख येतात आणि मुलं पहिले दहा वाचून विषय ठरवतात. छापील सूची आमच्यासाठी चाळणीचं काम करायची. आता ती चाळणी स्वतः लावावी लागते. डाळिंबाच्या तेल्या या जिवाणूजन्य रोगावर काम करायचं असेल, तर ‘प्युनिका ग्रॅनॅटम’ आणि ‘झँथोमोनास’ ही शास्त्रीय नावं एकत्र घालावीत, वर्षांची मर्यादा टाकावी, सापडलेल्या चांगल्या लेखाची संदर्भसूची वाचावी आणि त्या लेखाचा आधार पुढे कुणी घेतला तेही पाहावं. संशोधन केंद्रांचे जुने छापील अहवाल मात्र कपाटातच शोधावेत. आपल्या मातीतली, आपल्या पावसातली निरीक्षणं तिथे आहेत आणि ती सगळी ऑनलाइन सापडतीलच असं नाही.

विषय पक्का करण्याआधी एक दुपार ग्रंथपालांजवळ बसा, ते आनंदानं शिकवतात. आणि घरी डाळिंबाची बाग असेल, तर वडिलांनाही ‘शोधगंगा’ हा प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह उघडून दाखवा. तिथले प्रबंध वाचायला पैसे पडत नाहीत.