पालक उदासीन

शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात मी बरीच वर्षं एक वाक्य न चुकता लिहीत आलो. 'पालक उदासीन असल्याने उपस्थिती अल्प.' लिहायला सोपं, वर कुणी प्रश्न विचारत नाही.

कायदा काय सांगतो? शिक्षण हक्क कायदा, 2009. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. कागदावर आमच्याकडे सगळं बरोबर. वही पोरांच्या दप्तरातून घरी जायची आणि अंगठे घेऊन परत यायची. एकदा तर एकाच आजीने तीन सुनांच्या नावापुढे तीन अंगठे उठवले होते. आम्ही स्टाफरूममध्ये हसलो. आज ते हसू आठवलं की लाज वाटते.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. आणि आम्ही बैठक ठेवायचो सकाळी अकराला!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीतल्या एका मुलीचे वडील शाळेत आले. गेटपाशी लिंबाखाली अर्धा तास उभे होते म्हणे. मी आत ऑनलाइन माहिती भरत बसलो होतो. कुणी 'या' म्हटलं नाही, ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये पोरगीही गेली. शेजारणीने सांगितलं, घरात सांभाळणारी आजी त्या पावसाळ्यात वारली होती. पोरीला हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आणि ते वसतिगृह चालवतं कोण? आमचीच समिती.

नंबर मिळवून मी रात्री फोन लावला. आईने उचलला.

"सर, आमाला वाटलं नाव काटलं तिचं."

"नाही ताई, नाव आहे. पण तुम्ही बैठकीला कधी आलाच नाहीत."

"कसं येनार सर? पेरणीच्या, खुरपणीच्या दिवसात तुमची मीटिंग, रोज बुडतो. हितं एक दिवस चुकला तं खाडा पडतो, तो उचलीत चढतो. आन् आलं तरी तुमी काय बोलता ते कळत नाही. सही कुठं करायची तेवढं सांगता."

मला उत्तर सुचलं नाही. पोरगी तिकडे कोपीवर धाकट्या भावाला सांभाळत होती.

सगळेच पालक साधुसंत नाहीत. काहींना खरंच पडलेली नसते, काहींची संध्याकाळ बाटलीतच जाते. पण त्यांच्या नावावर आम्ही बाकीच्यांनाही बसवून टाकलं होतं.

आता दिवाळीआधी आम्ही शाळेत बोलावत नाही, रात्री आठला वस्तीवर देवळापुढे जातो. सतरंजीवर बसतो. भाषण नाही, हार नाही. प्रत्येक घराला दोनच प्रश्न: मूल कुणाजवळ राहणार, आणि फोन कुणाचा लावायचा? बायका बोलायला लागल्या तेव्हा मुख्य तक्रार अभ्यासाची निघालीच नाही. "वसतिगृहात भात कच्चा राहतो, आन् पोरींना रातच्याला लघवीला एकटं जावं लागतं." हे इतिवृत्तात कधी आलं नव्हतं. आता दिवा लागलाय. भाताचं अजून भांडण चालू आहे.

ती मुलगी हंगाम संपल्यावर परत आली, भागाकार पार विसरून. वर्गात ती बाकीच्यांपेक्षा मागेच आहे, हे लपवत नाही.

रात्री आठवड्यातून एकदा मुलांना आईबापाशी फोनवर बोलू देतो. अडचण एकच, पलीकडचा फोन बंद असतो. कोपीवर वीज नसते. म्हणून सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूरकडच्या मित्रांनो, तुमच्या रानाशेजारी कोप्या पडल्या असतील तर संध्याकाळी त्यांचे फोन तेवढे घरात चार्जिंगला लावून द्या.