चार दिवस आणि आईचे गुडघे

दिवाळीच्या सुट्टीत इस्तंबूलला जायचं ठरलंय. परवानगीचा अर्ज वर पाठवलाय, व्हिसाचे कागद दिलेत आणि मी एका जुन्या वहीत वेळापत्रक आखायला बसले. शिक्षकाला दुसरं काय सुचणार!

पहिल्या आराखड्यात एका दिवसात सहा ठिकाणं होती. आईनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "मी हॉटेलातच बसते, तुम्ही बघून या." खरं तर ही सहल बाबांची. ते इतिहास शिकवायचे. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, हे सांगताना नकाशावर बोट ठेवून म्हणायचे, "इथं एकदा जायचंय." ते राहूनच गेलं. आता आईला खोलीत बसवून मी काय बघणार? पान फाडून टाकलं.

आता दिवसाला एकच मोठं ठिकाण. शनिवारी हागिया सोफिया. ५३७ साली चर्च म्हणून पूर्ण झालं, १४५३ नंतर मशीद, मग संग्रहालय, २०२० पासून पुन्हा मशीद. बाबांचा अख्खा धडा एकाच इमारतीत! परदेशी पाहुण्यांना वरच्या सज्जातून बघावं लागतं, त्याचे २५ युरो. आई वर चढेल का, ते तिथंच बघू. नाहीतर समोरची निळी मशीद आहेच. तिथं तिकीट नाही, फक्त नमाजाच्या वेळा सांभाळायच्या आणि ओढणी न्यायची.

ग्रँड बझार रविवारी बंद आणि तोपकापी राजवाडा मंगळवारी. मी नेमके तेच वार धरले होते! म्हणून रविवार बोटीचा. एमिनोन्यूहून कादिक्योयला साधी प्रवासी बोट जाते, युरोपातून आशियात. आईला बसल्या बसल्या सगळं दिसेल.

जेवणाची चिंता मोठी, आई शुद्ध शाकाहारी. तीळ लावलेली सिमितची कडी चालेल. मसुराचं सूप सगळीकडे मिळतं, पण कधी कधी ते मटणाच्या पाण्यात करतात. म्हणून "एत सुयू वार मी?" म्हणजे 'मटणाचं पाणी आहे का?' हे पाठ करतेय. तरी मेतकूट आणि दशम्या बॅगेत आधी गेल्यात.

वर्गातली चौतीस पोरं विचारतायत, "मॅडम, आमाला काय आणणार?" लोकुमची वडी प्रत्येकी एक परवडेल. निळ्या डोळ्याच्या मण्याला तिकडेही 'नझर'च म्हणतात, हे ऐकून वर्ग खूश झाला. आणि वहीला तुर्कीत 'देफ्तेर' म्हणतात, म्हटल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "मग दप्तराला काय म्हणतात?"

शोधून ठेवलंय. 'चांता'. उद्या सांगते.