परीक्षा ज्ञानाची घ्या, निष्ठेची नको

परदेशातून डॉक्टर होऊन येणाऱ्या भारतीयांसाठी आपल्याकडे २००२ पासून चाळणी परीक्षा आहे. ३०० पैकी १५० गुण हवेत. रशिया असो की बांगलादेश, मोजपट्टी एकच.

२०२२ मध्ये मात्र राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पाकिस्तानात शिकलेल्यांना या परीक्षेचे दारच बंद केले. डिसेंबर २०१८ पूर्वी प्रवेश घेतलेले किंवा गृहमंत्रालयाची सुरक्षा मंजुरी मिळालेले तेवढे वगळले. झळ काश्मिरी मुलामुलींना बसली. काही फुटीरतावादी तिथल्या जागा विकत होते, असा पोलिसांचा आरोप होता. मग विकणाऱ्यांवर खटला चालवा! पाच वर्षे अभ्यास केलेल्या मुलीला शिक्षा कशासाठी?

सरकारवर नाराज असणे हा गुन्हा नाही. संशय म्हणजे पुरावाही नाही. आजार ओळखता येतो की नाही, एवढेच परीक्षेने पाहावे.