दहा किलोमीटरच्या गोष्टी

कल्याण सोडलं की कर्जतकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी धावते. उल्हासनगर ते बदलापूर अंतर जेमतेम दहा किलोमीटरचं. आपल्यातली कितीतरी माणसं रोज या वाटेनं कामाला जातात, पण बाहेर काय दिसतं ते सांगता येणार नाही कुणाला, कारण गर्दीत खिडकी मिळते कुणाला? आम्ही मात्र एका रविवारी ही वाट सावकाश केली. बरोबर वस्तीतल्या दोन मुली होत्या. दोघी कॉलेजात शिकतात आणि दोघींच्या डोक्यात एकच खूळ आहे. आपल्या भागात जी माणसं लिहितात, त्यांना त्यांच्याच आवाजात गोष्ट सांगायला लावायची आणि ती रेडिओवरून ऐकवायची.

आम्ही त्याला खूळ म्हटलं, पण वाचकहो, हे काही नवल राहिलेलं नाही. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तो निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्यानंतर २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात विद्यार्थ्यांचं रेडिओ केंद्र निघालं. २००५ साली पुणे विद्यापीठात 'विद्यावाणी' सुरू झालं आणि २००८ साली मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात 'रेडिओ मस्ट'. २००६ पासून तर कॉलेजांबरोबर सामाजिक संस्थांनाही असा परवाना मागता येतो. तेलंगणातल्या झहीराबादजवळ दलित शेतमजूर बायकांनी २००८ साली 'संगम रेडिओ' सुरू केला. माईकपुढे त्याच, यंत्रापुढेही त्याच.

कलिनाचा आवाज आपल्या अंबरनाथपर्यंत पोहोचणं शक्य नाही. अशा केंद्राचा ट्रान्समीटर असतो पन्नास वॅटचा, म्हणजे आपल्या घरातल्या जुन्या साठ वॅटच्या बल्बाहूनही लहान. मनोरा फार तर तीस मीटर उंच. आवाज जातो तो साधारण दहा किलोमीटर. आम्हांला हे ऐकून वाईट वाटलं. तेवढ्यात धाकट्या मुलीनं वहीत नकाशा काढला, अंबरनाथवर कर्कटक रोवलं आणि वर्तुळ फिरवलं. एका बाजूला उल्हासनगरचे पाचही कॅम्प आत आले, दुसऱ्या बाजूला बदलापूर. "काका, आपल्याला याच्या बाहेर जायचंय कशाला?" ती म्हणाली.

उल्हासनगरला उतरलो. महायुद्धाच्या काळात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर त्या बराकींत लाखाच्या आसपास सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. जीन्स, फर्निचर, पापड यांसाठी लोक हे गाव ओळखतात. इथे राहून मोहन कल्पना नावाच्या सिंधी लेखकानं जन्मभर कथा-कादंबऱ्या लिहिल्या आणि १९८४ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे मात्र आम्हांलाही आताच कळलं. इतकी वर्षं शेजारी राहून! स्टेशनबाहेरच्या एका सिंधी दुकानदाराशी बोलणं निघालं. त्यांना हे नाव ठाऊक होतं. नातवाला वाचायला द्यायचं तर जुनी लिपी त्याला येत नाही, म्हणाले. बोललेलं मात्र सगळं समजतं. थोरलीनं लगेच वहीत लिहून घेतलं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? आपल्या आज्यांना अक्षर कुणी शिकवलंच नाही, पण कान त्यांचे तिखट.

नियम मात्र आम्हांला खुपला. अशा केंद्रावरून स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. द्यायच्या तर आकाशवाणीच्याच. मग नळाला पाणी नाही, वालधुनीला कारखान्यांच्या सांडपाण्याचा वास येतो, हे सांगायचं कुठे? आम्ही बराच वेळ कुरकुरलो. मुलींचं म्हणणं असं की बातमीला बंदी आहे, गोष्टीला नाही. उलट निम्मे तरी कार्यक्रम तिथल्या लोकांना घेऊनच करावे लागतात. वालधुनीत पोहायला शिकलेला म्हातारा आपल्या लहानपणाची गोष्ट सांगू लागला, तर ऐकणाऱ्याला आजचा वास आपोआप येईल.

अंबरनाथला शिवमंदिर पाहायला लोक लांबून येतात. १०६० सालचं शिलाहारांचं काम, दगडात कोरलेलं. आम्ही तिकडे न जाता फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे गेलो. ते तीस वर्षं वह्यांत कथा लिहीत आले आहेत. मासिकांकडे पाठवल्या, काही परत आल्या, काही आल्याच नाहीत. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. काकूंनी चहा ठेवला, मुलींनी मोबाईल टेबलावर ठेवून खाली घडी घातलेली चादर घातली, पंखा बंद केला, आणि काकांनी वाचायला सुरुवात केली.

खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं कंटाळवाणी गेली. वाक्यं लांब, शब्द पुस्तकी, काकांचा आवाज शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. मुली आदरानं मान हलवत होत्या. मग कळलं की मोबाईलमध्ये जागाच उरली नव्हती आणि काही टिपलंच गेलं नाही! दोघी रडकुंडीला आल्या. काका मात्र हसले. त्यांनी वही मिटली, चष्मा काढला आणि म्हणाले, "राहू दे, तसंच सांगतो."

आणि मग गोष्ट आली. त्यांच्या चाळीत एकच रेडिओ होता. त्याचं लायसन्स दरवर्षी पोस्टात भरावं लागे. ते पुस्तक त्यांनी अजून जपून ठेवलंय. संध्याकाळी आकाशवाणीवर 'कामगार सभा' लागली की सगळी चाळ त्या खिडकीखाली जमे. त्यांची आई मात्र आत चुलीपाशीच बसे. एकदा तिनं विचारलं, "यातली माणसं आपल्यासारखी बोलतात, मग आपल्यातलं कुणी यात कसं नाही?" लहानग्या काकांनी फुशारकीनं सांगितलं, "मी जाणार की." आईनं त्या दिवसापासून शेजारणींना सांगायला सुरुवात केली की माझा लेक रेडिओत बोलणार आहे. ती गेली १९७९ साली. बोलता बोलता काका थांबले. बाहेरून लोकलचा भोंगा आला. आम्हांला वाटलं, आता हेही फुकट गेलं. मुलींनी हातानंच खुणावलं, असू दे.

बदलापूरला पोहोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. श्याम जोशी यांनी इथे 'ग्रंथसखा' वाचनालय उभारून जुनी मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं गोळा केली, ती गोष्टी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना सोन्यासारखी. पण आम्हांला या गावाची ओढ आहे ती १९२७ साठी. महाडच्या चवदार तळ्यानंतर दोनच महिन्यांनी, मे महिन्यात, इथल्या शिवजयंती उत्सवाचं अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषवलं होतं. १९५४ साली ते आकाशवाणीवरून बोलले, आपलं तत्त्वज्ञान आपण बुद्धाकडून घेतलं असं त्यांनी देशाला सांगितलं. बदलापूरच्या सभेत मात्र माईक नव्हता. ती सभा आजोबांच्या तोंडून ऐकलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे आधी जायचं, असं ठरलं.

पुढचं नाव चामटोलीचं. २०१९ च्या २७ जुलैला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली, हजारावर प्रवासी होते. नौदल आलं, पथकं आली, ते पेपरात छापून आलं. पण त्याच पाण्यात आजूबाजूची गावंही होती, तिथल्या बायकांनी ती रात्र कशी काढली, ते त्यांनी सांगायला हवं.

परतीच्या गाडीची वाट पाहत असताना थोरलीचा फोन वाजला. अंबरनाथचे काका होते. आईचं नाव सांगायचं राहून गेलं, म्हणाले. ते गोष्टीत घालता येईल का?

येताना मुली अंबरनाथला उतरल्या. आम्ही तसेच पुढे आलो.