मनी आणि मोरीचं दार

५ जानेवारी
ज्वारीच्या पोत्याआड पुन्हा ओल. मनीच. एवढ्या वर्षांत असं कधी केलं नाही.

७ जानेवारी
बाजार. इथली आमटी खायला परगावची माणसं, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. भोगीसाठी बोरं, हरभऱ्याचे ढाळे आणले. घरी येते तर पोतं पुन्हा ओलं. सासूबाई गुडघ्याला तेल चोळत होत्या. "मुद्दाम करतंय ते. माळावर सोडून या."
माळावर कुत्री आहेत. घरात वाढलेलं मांजर एक रात्र काढणार नाही.

८ जानेवारी
रात्री जागून पाहिलं. मनी मोरीपाशी गेली. आत तिचा वाळूचा टब. दार बंद. लेक बाळंतपणाला आली तेव्हा ह्यांनी दाराला स्प्रिंग बसवली, तेव्हापासून दार आपोआप लागतं. मनीनं खरवडलं, थांबली, पोत्याकडे वळली.

९ जानेवारी
दाराला वरवंटा लावला.

१० जानेवारी
दार उघडं. तरी पोत्याआडच.
टबाच्या काठावर पुढचे पाय ठेवते. मागचे उचलत नाहीत. खाली उतरते.

११ जानेवारी
पंढरपूर. जनावरांच्या डॉक्टरांकडे म्हशींचे मालक, मांजर आमचं एकटं. पहिला प्रश्न, लघवी होते ना? कुंथूनही होत नसेल तर त्याच दिवशी आणायचं. बोक्यांच्या तर जिवावर बेततं. मनीचं तसं नाही. सांधे धरलेत. माणसाची तापाची गोळी अजिबात द्यायची नाही, पॅरासिटामॉलनं मांजर मरतं. फिनेलही बंद.

१२ जानेवारी
विळा तापवून टबाची एक बाजू कापली. घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. काठ चार बोटं ठेवला, पॉलिश पेपरनं घासला. चाळलेली वाळू भरली. जेवणाची वाटी मोरीपासून लांब, स्वयंपाकघरात नेली.

१३ जानेवारी
भोगी. भाकऱ्यांना तीळ लावत होते. मोरीतून वाळू उकरल्याचा आवाज. तव्यावरची भाकरी करपली.

१५ जानेवारी
शेजारच्या काकू : "पोटुशी लेक घरात, आन् मांजर कशाला?"
लेकीच्या डॉक्टरबाईंना विचारलं. टॉक्सोप्लाझ्मा म्हणून जंतू असतो, मांजराच्या विष्ठेतून पडतो. पण पडल्या पडल्या बाधत नाही. १ ते ५ दिवस जातात. वाळू रोज काढा, लेकीला हात लावू देऊ नका. मांजराला कच्चं मांस नको. मनी तर दूधभात आणि उकडलेल्या अंड्यावर आहे.
वाळू काढायचं काम माझ्याकडे.

१८ जानेवारी
ह्यांच्या अंगठ्याला वरवंटा लागला. तिरीमिरीत स्प्रिंगच काढून टाकली. बरं झालं.

२२ जानेवारी
पोतं कोरडं.
सासूबाई कापलेला टब बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "संडासाची पायरी मलाबी उंच पडती." इतके दिवस बोलल्या नव्हत्या.
गवंड्याला निरोप दिलाय. सोमवारी येतो म्हणाला.