कापशाने काय सोडलं

कापशाने सगळ्यात आधी गवत सोडलं. चारपाच दिवसांनी गाजराचे तुकडे. कोथिंबीर मात्र जुडी सोडल्याचा आवाज आला तरी धावत यायचा. त्यामुळे घरी येणाराजाणारा प्रत्येकजण एकच म्हणायचा, "लाडावलाय!"

ससा पाळेपर्यंत माझीही समजूत होती की ससा म्हणजे गाजर. ती बग्ज बनीची कृपा. खरं तर गाजर त्याच्यासाठी मिठाई आहे; साखर जास्त, म्हणून चवीपुरतंच द्यायचं. त्याचं खरं जेवण म्हणजे वाळलेलं गवत, दिवसभर, हवं तेवढं. गवतातल्या लांब, चिवट धाग्यांनी त्याचं आतडं हलतं राहतं. ते थांबलं तर आत वायू धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. सशाला उलटीही करता येत नाही. दहाबारा तास त्याने काहीच खाल्लं नाही आणि लेंड्याही टाकल्या नाहीत, तर तो 'उद्या बघू'चा विषय राहत नाही.

कापशा खात होता, पण निवडून. निवड कशावरून होतेय तेच कळत नव्हतं.

जुलै महिना होता. पुण्यात त्या आठवड्यात कपडे तीन तीन दिवस वाळत नव्हते, त्यामुळे पहिला संशय गवतावर. दमट हवेत गवताला बुरशी धरते आणि सशाचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. नवा पुडा फोडला. कापशा आला, वास घेतला, एक काडी तोंडात धरली, दोनदा चावली आणि खाली टाकली. वास पसंत नसता तर त्याने ती उचललीच नसती. दुसरा संशय गोळी खाद्यावर. ते मऊ आणि चविष्ट, त्याची चटक लागली की काही ससे गवताकडे बघत नाहीत. पण कापशाला ते पहिल्यापासून मोजून दोन चमचे, त्यात काही बदललं नव्हतं.

मग मी तेच गाजर किसून ठेवलं. मिनिटभरात बशी साफ.

म्हणजे चवीचा प्रश्नच नव्हता. जे चावावं लागतं ते तो सोडत होता. रात्री आजीचा सोलापूरहून फोन आला तेव्हा तिला हे सांगितलं. ती लगेच म्हणाली, "अगं, दाढ दुखत असंल त्याची. मी नाही का आता कडक भाकरी आमटीत कुस्करून खात?"

सशाला अठ्ठावीस दात असतात. सहा पुढचे, उरलेल्या बावीस दाढा लांबट तोंडात पार आत. सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढत राहतात. गवत चावताना जबडा आडवा फिरतो, जात्यासारखा, आणि दाढा एकमेकींवर घासून झिजतात. कुठे ही झीज असमान झाली की दाढेच्या कडेला टोक येतं. खालच्या दाढेचं टोक जिभेकडे वळतं, वरचीचं गालाकडे. मग प्रत्येक घासाला आत सुई टोचणार. कोथिंबिरीला फारसं चावावं लागत नाही, गवताला सगळ्यात जास्त. गवत सोडलं की झीज आणखी कमी, टोक आणखी लांब.

आणि हे सगळं तो गुपचूप सोसतो. ज्याला रानात कुणीही खाऊ शकतं त्याला दुखणं दाखवणं परवडत नाही. हनुवटीखालची ओली लव आणि बारीक झालेल्या लेंड्या, एवढ्याच काय त्या खुणा.

पहिल्या दवाखान्यात ओठ वर करून पुढचे दात पाहिले, "छान आहेत" म्हणाले, आणि दोन दिवस कोथिंबीर बंद करा, भूक लागली की खाईल गवत, असा सल्ला दिला. कुत्र्याच्या बाबतीत तो कदाचित चालून गेला असता. मी तो मानला नाही. शोधत शोधत सशांची सवय असलेल्या डॉक्टरांकडे पोचले. त्यांनी कान तपासायची दुर्बीण तोंडात घातली, दिव्यात मिनिटभर पाहिलं आणि म्हणाल्या, "डावीकडे, खाली. जीभ सोललीय."

टोक घासायला पूर्ण भूल लागते आणि सशांना भुलीचा धोका कुत्र्यामांजरांपेक्षा जास्त. संमतीपत्रावर सही करताना ती ओळ मी दोनदा वाचली. माणसाला भुलीआधी उपाशी ठेवतात. याला ठेवायचं नव्हतं. उलटीची भीती नाही, आतडं रिकामं राहण्याची मात्र आहे. म्हणून आत नेईपर्यंत तो पिंजऱ्यात कोथिंबीर खात होता आणि मी बाहेर बाकावर लॅपटॉप उघडून एकही ओळ न लिहिता बसले होते.

चाळीस मिनिटांनी तो परत आला, डोळे अर्धवट मिटलेले. दोन दिवस वेदनाशामक औषध आणि दर काही तासांनी सिरिंजने पातळ खाद्य. हातावर ओरखडे. तिसऱ्या दिवशी पहाटे कुरुम कुरुम आवाजाने जाग आली. अंधारात तो गवत ओढत होता.

दाढ एकदा वाकडी झिजली की टोक पुन्हा येतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आता रात्री गवत स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून ठेवते आणि सकाळी उरलेलं पुन्हा मोजते. आजी फोनवर आधी त्याचा आकडा विचारते, मग माझं जेवण.